दुसरी रेष : रेडिओ बीकन आणि ढगांतलं उड्डाण

१९६२ सालच्या ७ जुलैला, मध्यरात्र नुकतीच उलटलेली असताना, अलितालिया कंपनीचं डीसी-८ जातीचं एक जेट विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. सिडनीहून रोमला निघालेलं हे विमान बँकॉक सोडून मुंबईकडे येत होतं. आतली ९४ माणसं गेली. कुणीही वाचलं नाही. अहवालात दावंड्याची टेकडी म्हणून नोंदलेली ही जागा सुमारे ३,६०० फूट उंचीवर आहे आणि मुंबईचा विमानतळ तिथून ८० किलोमीटरहून लांब आहे. चौकशीचा निष्कर्ष थोडक्यात असा : विमान मुंबईच्या जितकं जवळ आलंय असं वैमानिकाला वाटत होतं, तितकं ते आलेलं नव्हतं, म्हणून तो वेळेआधीच खाली उतरू लागला. आपली खरी जागा ताडून पाहायला जी साधनं हाताशी होती ती त्याने वापरली नाहीत, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडली आणि वाटेतला मुलूख त्याच्या परिचयाचा नव्हता, हेही चौकशीने नोंदवलं.

तो मुलूख कसा आहे हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना सांगायला नको. पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्याला आधी पठार लागतं, आणि आता उतार सुरू होणार असं वाटावं नेमकं तिथेच सह्याद्री मान वर काढतो. हरिश्चंद्रगड ४,६७० फूट, कळसूबाई ५,४०० फूट. त्यांच्या पलीकडे कोकण एकदम पायाशी. नाणेघाट चढून गेलेल्या कुठल्याही ट्रेकरला हा कडा डोळे मिटूनही दिसतो. रात्री पावसाळी ढगात असलेल्या वैमानिकाला मात्र तो भेटतो नकाशावरच्या एका आकड्याच्या रूपात : या टप्प्यात इतक्या फुटांच्या खाली यायचं नाही. टप्पा संपला की नाही हे त्याने ठरवायचं ते जमिनीवरच्या रेडिओ साधनांवरून.

या व्याख्यानाचा विषय ती साधनं हाच आहे. ढगातल्या विमानाला बीकन वाट दाखवतो, असं सहज म्हटलं जातं. प्रस्तुत वक्त्याचं म्हणणं थोडं वेगळं आहे. बीकन फक्त एक रेष देतो. त्या रेषेवर आपण नेमके कुठे आहोत हे कळायला दुसरी रेष लागते, आणि ती कुठून मिळवायची हे कॉकपिटमध्ये शिरण्याआधी, जमिनीवर टेबलाशी बसून ठरवावं लागतं. पुढे येणाऱ्या अपघातांच्या कथांत माणसं वेगळी आहेत, देश वेगळे आहेत. हे ठरवणं राहून गेलं, किंवा ठरवलेलं ऐन वेळी मोडलं, एवढं मात्र बहुतेकांत समान आहे.

भारतातली टाटांची विमानटपाल सेवा सुरू झाली तीच मुळी बीकनशिवाय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. तिथून त्यांचे सहकारी नेव्हिल विंटसेंट टपाल घेऊन बेळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. टाटांच्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता आणि खाली जमिनीवर वाट सांगणारं कुठलंही साधन नव्हतं. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, मग मुक्काम पुण्याला हलायचा. नदी, रेल्वेचे रूळ आणि किनारा पाहत उडायचं, हाच त्या काळचा नेव्हिगेशनचा धडा. तरीही टपाल वेळेवर पोचवण्यात या सेवेने नाव कमावलं, ही गोष्ट आजही थक्क करते. पण वेगवान, माणसांनी भरलेली विमानं आल्यावर रूळ बघत उडण्याचे दिवस संपले.

अमेरिकेत तोवर वेगळा प्रयोग झालेला होता. २४ सप्टेंबर १९२९ रोजी वैमानिक जिमी डूलिटल यांनी न्यू यॉर्कजवळच्या मिचेल फील्डवरून, झाकलेल्या कॉकपिटात बसून, बाहेर एकदाही न पाहता उड्डाण केलं, फेरी मारली आणि विमान परत उतरवलं. दुसऱ्या आसनावर सावधगिरी म्हणून एक वैमानिक होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. डूलिटल यांच्या आधाराला रेडिओचे संकेत आणि डोळ्यांसमोरची उपकरणं होती. पुढे अमेरिकेत हवाईमार्गांवर चार पट्ट्यांचे रेडिओ बीकन उभे राहिले. पट्ट्याच्या एका बाजूला गेलं की हेडफोनमध्ये मोर्सचं ‘ए’ ऐकू यायचं, दुसऱ्या बाजूला ‘एन’. बरोबर मधोमध असलं की दोन्ही मिसळून एक सलग सूर. त्या पिढीचे वैमानिक तासन्‌तास तो सूर कानात घेऊन उडाले. विजांच्या खरखरीत ‘ए’ आणि ‘एन’ ओळखत बसणं म्हणजे काय शिक्षा असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आज टिकून असलेला सगळ्यांत साधा बीकन म्हणजे एनडीबी. कमी-मध्यम कंप्रतेचा एक ट्रान्समीटर, एक अँटेना, आणि मोर्समध्ये पुन्हा पुन्हा वाजणारी एक ते तीन अक्षरांची ओळख. तो चहूकडे सारखाच संकेत पाठवतो. दिशा शोधण्याचं काम विमानातल्या एडीएफ नावाच्या रिसीव्हरचं. त्याची सुई बीकनच्या बाजूला वळते. या सुईमागे लूप अँटेना असतो. लूपचा स्वभाव असा की संकेत कुठल्या रेषेत आहे ते तो अचूक सांगतो, पण समोरून येतोय की मागून, हे त्याला एकट्याला सांगता येत नाही. त्यासाठी ‘सेन्स’ अँटेनाची जोड द्यावी लागते.

ही जोड नसली तर काय होतं याचं उदाहरण लिबियाच्या वाळवंटात पंधरा वर्षं पडून होतं. ४ एप्रिल १९४३ रोजी ‘लेडी बी गुड’ नावाचं अमेरिकी बी-२४ बाँबफेकी विमान नेपल्सवरच्या मोहिमेतून लिबियातल्या आपल्या तळाकडे रात्री परतत होतं. खाली ढग होते. त्याने बेनिनाच्या दिशाशोधक केंद्राकडे दिशा मागितली, आणि ती मिळाली. विमान तोपर्यंत तळ ओलांडून आत वाळवंटावर गेलेलं असावं असं मानलं जातं. केंद्राच्या लूपला पुढची आणि मागची बाजू वेगळी करता येत नव्हती. रेष बरोबर होती, बाजू उलटी होती. तळ अजून पुढे आहे अशा समजुतीने विमान उडत राहिलं आणि इंधन संपल्यावर समुद्रापासून सुमारे ७०० किलोमीटर आत कोसळलं. १९५८ मध्ये तेलाच्या शोधात असलेल्या लोकांना ते सापडलं. नऊ जणांपैकी कुणीही जिवंत परतलं नव्हतं.

एनडीबीचे इतर दोष त्याच्या कंप्रतेतूनच येतात. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरातून परावर्तित झालेल्या लहरी खालच्या लहरींत मिसळतात आणि सुई भिरभिरते. लहरी जमिनीवरून समुद्रावर जाताना किनाऱ्याशी तिरक्या वळतात, म्हणून किनाऱ्याच्या आतल्या बाजूला असलेल्या बीकनची दिशा समुद्रावरून घेताना काही अंशांची चूक पदरात पडते. कोकणासारख्या लांबलचक किनाऱ्यावर हे लक्षात ठेवावंच लागतं. डोंगराळ भागात परावर्तनाचा घोळ वेगळा. आणि जवळ गडगडाटी ढग असला तर सुई विजेकडे वळते. ज्या ढगापासून पळायचं, नेमकी त्याचीच दिशा दाखवणारं उपकरण असं त्याचं वर्णन करायला हरकत नाही.

याच कंप्रतांच्या शेजारी आकाशवाणीसारखी मध्यमलहरी प्रसारण केंद्रं असतात आणि एडीएफवर तीही लागतात. कंटाळवाण्या टप्प्यात गाणी ऐकण्यासाठी एडीएफ वापरणारे वैमानिक जगभर होऊन गेले. ७ डिसेंबर १९४१ च्या पहाटे पर्ल हार्बरवर चाल करून गेलेल्या जपानी विमानांनी होनोलुलूच्या केजीएमबी केंद्राचं संगीत पकडून दिशा धरली होती. अमेरिकेच्याच येऊ घातलेल्या बी-१७ विमानांना दिशा मिळावी म्हणून ते केंद्र त्या रात्री चालू ठेवलेलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्हीओआर आला आणि चित्र पालटलं. तो १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो; घरगुती एफएम रेडिओचा पट्टा जिथे संपतो तिथून पुढे. विजांचा आणि रात्रीचा त्रास इथे जवळपास नाही. त्याची युक्ती समजायला एक दीपगृह डोळ्यांसमोर आणावं. त्याचा झोत सारख्या वेगाने गोल फिरतोय, आणि झोत उत्तरेकडे आला की वरचा वेगळा दिवा एकदा सगळीकडे लुकलुकतो. लुकलुकणं आणि झोत आपल्यावर येणं यांत किती वेळ गेला हे मोजलं की आपण दीपगृहाच्या कुठल्या दिशेला आहोत ते कळतं. व्हीओआरचा झोत सेकंदाला तीस वेळा फिरतो आणि हे मोजमाप विमानातलं उपकरण दोन संकेतांच्या कलेतल्या फरकावरून करतं. या दिशेला रेडियल म्हणतात. चुंबकीय उत्तरेपासून ३६० रेडियल. विमानाचं तोंड कुठेही असो, रेडियल तोच राहतो. एडीएफची सुई बीकन विमानाच्या तोंडापासून किती अंशांवर आहे ते सांगते, व्हीओआर विमान बीकनच्या कुठल्या बाजूला आहे ते सांगतो. विद्यार्थी वैमानिकांची सगळ्यांत जास्त डोकेदुखी या एका फरकात असते.

व्हीओआरलाही मर्यादा आहे. त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईआड गेलेल्याला त्या भेटत नाहीत. हिशेब सोपा आहे : फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढून १.२३ ने गुणलं की सागरी मैलांत पल्ला मिळतो. १०,००० फुटांवर १२३ मैल, १,००० फुटांवर जेमतेम ३९. मध्ये डोंगर आला तर तेवढेही नाहीत. शिवाय अंशाचं अंतर दूर गेल्यावर फुगतं. ६० मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल. अमेरिकी नियमांत विमानातल्या व्हीओआर उपकरणाची दर तीस दिवसांनी तपासणी लागते आणि हवेतल्या तपासणीत सहा अंशांपर्यंतची चूक चालवून घेतली जाते. ६० मैलांवर ते सहा मैल होतात. घाटमाथ्यावर सहा मैलांत दरी आणि शिखर दोन्ही असू शकतात.

म्हणून दुसरी रेष. ती दुसऱ्या व्हीओआरच्या रेडियलने मिळते, आणि दोन रेडियल एकमेकांना काटकोनाच्या जवळपास छेदत असले तरच ती कामाची. अरुंद कोनात छेदले तर चूक सामावणारा चौकोन लांबलचक होतो. किंवा ती डीएमईने मिळते. विमान प्रश्न विचारतं, जमिनीवरचं केंद्र ठरावीक ५० मायक्रोसेकंद थांबून उत्तर देतं, आणि जाण्यायेण्याच्या वेळावरून अंतर निघतं. एका सागरी मैलाला जाऊन-येऊन १२.३६ मायक्रोसेकंद. हे अंतर तिरकं असतं : ३६,००० फुटांवरून बरोबर केंद्राच्या डोक्यावरून जाताना डीएमई शून्य दाखवत नाही, जवळजवळ सहा मैल दाखवतो. रेडियल आणि अंतर एकत्र आले की जागा नकाशावर पेन्सिलीने टिंब देण्याइतकी पक्की होते.

या सगळ्याआधी एक काम असतं, ज्याला वेळ लागतो दहा सेकंद आणि जे कंटाळ्यामुळे राहून जातं. कानाला हेडफोन लावून मोर्समधली ओळख ऐकणं. मुंबईचा व्हीओआर ‘बीबीबी’ म्हणतो; शहराचं नाव बदललं, बीकनचं बदललं नाही. फ्रिक्वेन्सी बरोबर लावली, सुई जिवंत आहे, एवढ्यावर तो बीकन हवा तोच आहे असं धरता येत नाही. दुरुस्ती चालू असताना केंद्र ओळख पाठवणं बंद करतं. संकेत येत असतो, पण तो विश्वासाचा नसतो. एडीएफमध्ये तर बीकन बंद पडल्याचं सांगणारं निशाण बहुधा नसतंच. सुई आहे तिथेच थिजून राहते आणि वैमानिकाला वाटतं, काय झकास चाललंय. म्हणून एनडीबीवर उतरताना ओळख शेवटपर्यंत कानात चालू ठेवण्याची शिस्त आहे.

आता टेबलाकडे येऊ. यंत्राधारित उड्डाणाचा आराखडा आखताना नकाशावर मार्ग पाहायचा, प्रत्येक टप्प्याची किमान उंची पाहायची, एका व्हीओआरवरून दुसऱ्यावर कुठे जायचं ते पाहायचं, आणि त्या दिवसाचे नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, वाचायचे. वाटेतला एखादा बीकन आज बंद आहे, हे त्यातच कळतं. मग फ्लाइट प्लॅनचा दहावा रकाना : विमानात कुठली उपकरणं आहेत ते एकेका अक्षराने लिहायचं. ‘डी’ म्हणजे डीएमई, ‘एफ’ म्हणजे एडीएफ, ‘ओ’ म्हणजे व्हीओआर. दिसायला हे कारकुनी काम आहे. ते किती जड पडू शकतं हे डुब्रॉव्हनिकला दिसलं.

३ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेच्या हवाई दलाचं सीटी-४३ विमान, म्हणजे बोइंग ७३७ चाच एक लष्करी प्रकार, बोस्नियातल्या तुझलाहून क्रोएशियातल्या डुब्रॉव्हनिकला निघालं. विमानात अमेरिकेचे व्यापारमंत्री रॉन ब्राउन होते. एकूण ३५ जण. पाऊस होता, ढग खाली होते. डुब्रॉव्हनिकच्या धावपट्टीवर उतरण्याची पद्धत दोन एनडीबींवर आधारलेली होती. कोलोचेपच्या ‘केएलपी’वरून अंतिम टप्पा सुरू करायचा आणि त्याच्यावरून मार्ग धरायचा. त्सावतातचा ‘सीव्ही’ आला आणि धावपट्टी दिसली नाही, तर वर निघून जायचं. दोन्ही बीकन एकाच वेळी ऐकायला दोन एडीएफ लागतात. या विमानात एकच होता.

यात गूढ काहीच नाही. नकाशाचा तो कागद कुणी शांतपणे वाचला असता आणि विमानाच्या उपकरणांची यादी शेजारी ठेवली असती, तर ही पद्धत या विमानाला चालणार नाही हे पाच मिनिटांत कळलं असतं. विमान ११९ अंशांच्या मार्गाऐवजी सुमारे ११० अंशांच्या मार्गाने गेलं, डावीकडे सरकत गेलं, वर निघून जाण्याची जागा मागे पडली हे कळलं नाही, आणि सुमारे २,३०० फूट उंचीच्या स्वेती इव्हान डोंगरावर आदळलं. कुणीही वाचलं नाही. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. त्या पद्धतीची किमान उंची मुळातच चुकीची आखलेली होती. २,१५० फुटांऐवजी ती सुमारे २,८०० फूट हवी होती. परदेशी पद्धती वापरण्याआधी हवाई दलाने त्या आपल्या निकषांवर तपासून घ्याव्यात असा नियम होता, तो त्या तुकडीत पाळला गेला नव्हता. वरिष्ठ अधिकाऱ्यांची पदं गेली. वैमानिकांकडून चुका झाल्या हे खरं, पण प्रस्तुत वक्त्याच्या मते या अपघाताचा मोठा भाग ज्यांनी विमान तिथे पाठवलं त्यांच्या टेबलावर घडला.

बंद बीकनचं सर्वांत गाजलेलं प्रकरण याच्या तेरा वर्षं आधीचं. ३१ ऑगस्ट १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान अलास्कातल्या अँकरेजहून सोलला निघालं, तेव्हा अँकरेजचा व्हीओआर देखभालीसाठी बंद होता. निघाल्यानिघाल्या मार्गावर आहोत की नाही हे ताडून पाहण्याची पहिली संधी गेली. पुढे बेथेलच्या व्हीओआरपाशी विमान आपल्या मार्गापासून सुमारे १२ सागरी मैल उत्तरेला होतं. तिथे ते लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. पुढे ते सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि साखालीनजवळ सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. विमान दिशा धरून ठेवण्याच्या अवस्थेत राहिलं, त्याची स्वयंचलित नेव्हिगेशन यंत्रणा मार्ग पकडू शकली नाही, असा निष्कर्ष पुढे आंतरराष्ट्रीय चौकशीत निघाला. बंद व्हीओआरने विमान भरकटवलं नाही. भरकटल्याचं सांगणारी एक रेष मात्र त्या दिवशी कमी होती. याच घटनेनंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने उपग्रहांची जीपीएस यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याची घोषणा केली.

संगणक आल्यावर बीकनचं काम सुटलं, असा समज असेल तर कोलंबियातली कालीची दुर्घटना वाचावी. २० डिसेंबर १९९५, रात्र. अमेरिकन एअरलाइन्सचं ९६५ हे बोइंग ७५७ मायामीहून उशिरा निघून कालीला येत होतं. कालीला रडार चालू नव्हतं. ते बंडखोरांनी आधीच उडवलेलं होतं. दोन्ही बाजूंनी अँडीजच्या रांगा, मध्ये लांब खोरं, टोकाला धावपट्टी. नियंत्रकाने आधी ठरलेल्या दिशेऐवजी सरळ समोरून, उत्तरेकडून उतरण्याची मुभा देऊ केली. वेळ वाचणार होता. वैमानिकांनी ती घेतली, आणि घाईघाईने उंची कमी करत नवी पद्धत संगणकात भरू लागले. तुलुआचा व्हीओआर मागे पडला तरी त्यांना तो पुढे आहे असं वाटत होतं.

पुढचा बीकन होता रोझो नावाचा एनडीबी. नकाशावर त्याची ओळख एकच अक्षर : ‘आर’. कप्तानाने संगणकात ‘आर’ दाबलं आणि यादीतलं पहिलं नाव निवडलं. ते नाव रोझो नव्हतं. बोगोटाजवळच्या रोमिओ नावाच्या बीकनचीही ओळख ‘आर’च होती आणि विमानाच्या डेटाबेसमध्ये ‘आर’ला तोच मिळत होता, रोझोसाठी पूर्ण नाव भरावं लागत होतं. विमान आज्ञाधारकपणे डावीकडे, बोगोटाच्या दिशेने, डोंगरांकडे वळलं आणि जवळजवळ एक मिनिट कुणाच्या लक्षात आलं नाही. चूक कळल्यावर ते उजवीकडे वळले, पण खाली उतरणं चालूच राहिलं. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला तेव्हा पूर्ण शक्ती देऊन विमान वर खेचलं गेलं; वेग कमी करण्यासाठी उघडलेले पंखांवरचे ब्रेक मात्र तसेच उघडे राहिले होते. विमानातल्या १६३ जणांपैकी ४ वाचले.

कालीमध्ये दुसरी रेष हाताशी होती. तुलुआचा व्हीओआर चालू होता. त्याचा रेडियल आणि अंतर पाहिलं असतं तर विमान खोऱ्याच्या पूर्वेला सरकतंय हे दिसलं असतं. पण संगणकावर आखलेली रंगीत रेष इतकी ठाम दिसते की कच्ची सुई कुणी पाहत नाही. १९६२ च्या जुन्नरमध्ये आणि १९९५ च्या कालीमध्ये तंत्रज्ञानाचं जग बदललं होतं. चौकशीचा मजकूर मात्र एकमेकांशी बोलू शकेल इतका जवळचा आहे.

आता बीकनचं काय करायचं? जीपीएस आलं, त्याला अचूक करणाऱ्या यंत्रणा आल्या. भारताची गगन ही त्यांतली एक. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगडला गगनच्या आधाराने उतरलं. एनडीबी जगभर एकेक करून निवृत्त होत आहेत आणि त्याबद्दल फार हळहळायचं कारण नाही. १५ नोव्हेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय फ्लाइट प्लॅनच्या दहाव्या रकान्यातल्या ‘एस’, म्हणजे ‘नेहमीची उपकरणं’, या अक्षरातून एडीएफ वगळला गेला. तोवर व्हीओआर आणि धावपट्टीवर उतरायला मदत करणारी आयएलएस यंत्रणा यांच्यासोबत तोही गृहीत धरला जायचा; आता विमानात असेल तर वेगळा लिहावा लागतो.

व्हीओआरची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेने ८९० च्या वर असलेले आपले व्हीओआर कमी करून ५९० च्या आसपास आणायचं ठरवलं, शून्यावर नाही. उरलेलं जाळं असं आखलं आहे की जीपीएस गेलं तरी विमानाला १०० सागरी मैलांच्या आत उपग्रहांशिवाय उतरता येईल असा विमानतळ मिळावा. ही काळजी पुस्तकी नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस फिनएअरची दोन विमानं एस्टोनियातल्या तार्तूला न उतरता हेलसिंकीला परतली, कारण त्या भागात जीपीएसचा संकेत दाबला जात होता आणि तार्तूला उतरण्याची पद्धत जीपीएसवरच उभी होती. कंपनीने महिनाभर तिथली सेवा थांबवली. जीपीएस नसलं तरी चालेल अशी पद्धत बसवल्यावरच जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली. वैमानिक तयार होते, धावपट्टी मोकळी होती. नव्हती ती जमिनीवरची एक रेष.

भारतालाही हे लांबचं नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या आसपास, जीपीएसमध्ये अडथळा आल्याच्या किंवा खोटा संकेत मिळाल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. संकेत दाबला गेला तर निदान पडदा कबूल करतो की माहिती नाही. खोटा संकेत मिळाला तर पडदा पूर्ण आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवतो, आणि ती चुकीची आहे हे कळायला जमिनीवरचा व्हीओआर आणि डीएमई लागतो.

तेव्हा या व्यासपीठावरून दोन मागण्या. व्हीओआर-डीएमईचं जाळं खर्चाच्या हिशेबात विरळ करायला हरकत नाही. पण घाटमाथ्यासारख्या मुलखातून ज्या विमानतळांकडे उतरावं लागतं, तिथलं ते शेवटपर्यंत राखावं आणि त्याच्यावर आधारलेल्या उतरण्याच्या पद्धती छापील नकाशांतून काढू नयेत. आणि महाराष्ट्रात गोंदिया, धुळे, नागपूर इथे उडायला शिकणाऱ्या मुलामुलींच्या शिक्षकांनी जीपीएसचा पडदा झाकून, दोन व्हीओआरच्या रेडियलवरून नकाशावर जागा काढायला लावणारे तास अभ्यासक्रमातून कमी होऊ देऊ नयेत.